मास्टर ट्रेनर चैतराम

चैतराम बनसोडला आमच्या ऑफिसात कुणी वाईट म्हणत नसे, कारण वाईट म्हणावं इतकं काम त्याच्याकडे नव्हतंच. तो आवक-जावकला होता. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, रजिस्टरात नंबर टाकायचा, गेलेल्या कागदाचा नंबर दुसऱ्या रजिस्टरात टाकायचा. बत्तीस वर्षं त्यानं एवढंच केलं आणि नीट केलं. मी तिथला बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. बालाघाट जिल्हाभर वसतिगृहं चालवणारं आमचं खातं, त्याचं नाव सांगत नाही. सांगून माझी अब्रू काही वाढणार नाही.

माणूस ठेंगणा, केसांना रोज तेल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. घर वॉर्डातल्या बुद्धविहाराच्या मागं. बायको गीता खैरलांजीकडची. बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि बोलणं सगळं भोपाळचं. भोपाळच्या तलावाचं, भोपाळच्या हॉस्टेलात मिळालेल्या पनीरच्या भाजीचं. याचं कारण असं, की आमच्या ऑफिसातून ट्रेनिंगला नेहमी चैतरामच जायचा. आणि त्याला पाठवायचो मी.

वरून पत्र यायचं, हिंदीत, की बजेटचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन दिवस पाठवा, क्षमता वाढवायची आहे. बजेटचं काम पाहायची पौर्णिमा. ही कंत्राटावरची कॉम्प्युटर ऑपरेटर, नऊ वर्षांपासून. ती तीन दिवस गेली तर पगारबिलं अडणार, माझं डोकं खाल्लं जाणार, शिवाय कंत्राटवाल्यांचा प्रवासभत्ता मंजूर करून घेताना नाकी नऊ येणार. चैतराम गेला तर काय अडतं? शिपाईसुद्धा शिक्का मारतो. मग मी लिहायचो, चैतराम बनसोड. ज्याच्या जाण्यानं काही बिघडत नाही त्यालाच शिकायला धाडायचं, ही आमची रीत. आमचीच नाही. चैतराम सांगायचा की भोपाळच्या त्या हॉलमध्ये बसलेले निम्मेअधिक लोक आपापल्या जिल्ह्याचे आवक-जावकवालेच असतात, आता सगळे एकमेकांना नावानं ओळखतात.

असं करता करता बावीस ट्रेनिंगं झाली. बावीस सर्टिफिकेटं त्यानं लॅमिनेट करून बैठकीत लावली होती, बाबासाहेबांच्या फोटोच्या खालच्या भिंतीवर, ओळीनं. घरी गेलं की चहाच्या आधी ती दाखवायचा. मी बाहेर येऊन हसायचो. आता त्या हसण्याची मला लाज वाटते, पण तेव्हा हसलो हे खरं.

मग सरकारनं बजेटची पद्धतच बदलायचं ठरवलं. आमच्याकडे बजेट करणं म्हणजे मागच्या वर्षीचा आकडा उचलायचा आणि त्यावर दहा टक्के चढवायचे. माझ्या आधीचे बडे बाबू असंच करत, मी असंच करत आलो, झोपेतही केलं असतं. नवं फर्मान असं, की मागच्या वर्षीचं विसरा. किती डोकी आहेत ते मोजा, डोक्यामागं काय लागतं ते लिहा, आणि काहून लागतं त्याचं कारण पुढच्या रकान्यात भरा. ते शिकायला पुन्हा भोपाळ, पुन्हा तीन दिवस. पुन्हा मी लिहिलं, चैतराम बनसोड.

निघताना मी त्याला आमच्या मिक्सरच्या भांड्याचं झाकण मापाला दिलं. ते भांडं बालाघाटात मिळत नव्हतं, भोपाळच्या बाजारात मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. अशी कामं त्याला सगळेच सांगायचे. ऑफिसातल्या बाकीच्यांनी साड्यांच्या जरीपासून खुर्चीच्या चाकापर्यंत याद्या दिल्या. ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर चैतराम ती यादी घेऊन बाजारात गेला. भांडं आणलं, झाकण बरोबर बसत होतं. त्या दुपारी हॉलमध्ये नव्यानं सुरू होणाऱ्या संस्थांचं बजेट कसं मांडायचं ते शिकवलं गेलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

सप्टेंबरात भोपाळहून दुसरं पत्र आलं. जिल्ह्यात ज्यानं सर्वांत जास्त प्रशिक्षणं घेतली आहेत त्याला जिल्ह्याचा मास्टर ट्रेनर नेमावं आणि त्यानं वसतिगृहांच्या सगळ्या अधीक्षकांना शिकवावं. साहेबांनी पत्रावर सही केली. त्यांना येऊन चार महिने झाले होते, चैतराम कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चैतराम दोन दिवस फुललेला होता. गीतावहिनींनी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, चेहरा पार उतरलेला.

"बडे बाबू, मले काही येत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यायले मी काय शिकवू?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की बाबा रे, बस, पौर्णिमाकडून शीक, नाहीतर आपण साहेबांना सांगू. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला नक्की माहीत होतं, कारण आड मीच कोरडा ठेवला होता. पण माझ्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि डोकं तापलेलं होतं. मी त्याला सांगितलं की भोपाळच्या स्लाइड वाचून दाखव, कोण ऐकतंय. आणि कुणी अडचणीचं विचारलंच, तर म्हणायचं की तो रकाना रिकामा सोडा, जिल्ह्यातून भरू.

त्याचा जीव भांड्यात पडला. "हौ, हे जमते," म्हणाला आणि गेला.

ऑक्टोबरात शाळेच्या हॉलमध्ये साठ अधीक्षक जमले. बैहर, बिरसा, उकव्याकडून लोक सकाळच्या बसनं आले होते. चैतरामनं नवा शर्ट घातला होता, गळ्यात ओळखपत्र. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो, चहा-समोसे पाहायला. तो स्लाइड वाचत होता आणि खरं सांगतो, वाईट वाचत नव्हता. लोक फोन पाहत होते. फक्त पहिल्या रांगेत एक बाई वहीत भराभर लिहून घेत होती.

ती कमला भिमटे. गीतावहिनींच्या माहेरगावची, म्हणून चैतरामला भाऊजी म्हणायची. नवरा वारलेला, दोन मुली. बिरसा तहसिलीतल्या एका जंगलातल्या गावी मुलींचं नवं वसतिगृह पुढच्या जुलैत सुरू व्हायचं होतं, पन्नास जागांचं. तिथं तिची तात्पुरती नेमणूक झाली होती, वर्षावर्षाच्या बोलीवर. ती उठून उभी राहिली.

"भाऊजी, आमचं होस्टेल तं अजून उघडलंच नाही. मागचा आकडाच नाही. मग गाद्या, ब्लँकेटं, हे मी कसं भरू?"

चैतरामनं माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मी समोशांच्या पेटीकडे पाहिलं.

"तो रकाना रिकामा सोड," तो म्हणाला. "जिल्ह्यातून भरतीन."

ती खाली बसली आणि तेवढं वहीत लिहून घेतलं.

नोव्हेंबरात सगळ्यांची मागणी पोर्टलवर चढवायची शेवटची तारीख आली. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. पौर्णिमा माझ्याकडे एक चिठ्ठी घेऊन आली. बिरशाकडच्या नव्या वसतिगृहाचा अंथरूण-पांघरुणाचा रकाना रिकामा आहे, म्हणाली, आणि पोर्टल रिकामा रकाना घेत नाही. तिनं स्वतःच हिशेब मांडून आणला होता. पन्नास मुली, पन्नास गाद्या, शंभर चादरी, पन्नास ब्लँकेटं. फक्त कारणाच्या रकान्यात चार ओळी लिहायच्या होत्या आणि वसतिगृह मंजूर झाल्याच्या आदेशाचा नंबर टाकायचा होता. तो आदेश कपाटात होता. कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

"नाहीतर मी कमलाताईंना फोन लावून पाहते," ती म्हणाली. "उद्या सकाळी थोडा वेळ पोर्टल चालू राहील असं म्हणतात."

मला सहाची बस होती. गोंदियाला साळ्याच्या मुलीचं साक्षगंध होतं, बायको सकाळीच पुढं गेली होती. मी चिडून म्हणालो की ज्यांचं आहे त्यांनी मागितलं नाही तर आपल्याला काय पडलंय. शून्य घेतं ना पोर्टल? शून्य टाक आणि बंद कर.

तिनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि शून्य टाकलं. मी बस पकडली. साक्षगंधाचं जेवण चांगलं होतं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. एप्रिलमध्ये पैसे आले, ज्यांनी जेवढं मागितलं त्याच्या आसपास. शून्य मागणाऱ्याला शून्य. जुलैत मुली आल्या, घरून आणलेल्या गोधड्या आणि साड्या घेऊन. कमलानं पत्रं लिहिली. ती चैतरामच्या रजिस्टरात चढली आणि माझ्या टेबलावर आली. मी वर पाठवली, वरून उत्तर आलं की मागणीच नव्हती तर पैसे कसे द्यायचे. कमलानं गावातून मागून दहा-बारा घोंगड्या जमवल्या. पण त्या भागातली डिसेंबरची थंडी ज्यानं सोसली आहे त्यालाच कळेल, सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. एका सहावीतल्या मुलीच्या छातीत कफ भरला. तिला चार दिवस बैहरला दवाखान्यात ठेवावं लागलं. ती बरी झाली, पण तोवर एका वर्तमानपत्रात फोटो छापून आला होता. एका चादरीखाली दोन दोन मुली, आणि एक मुलगी सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे.

तो फोटो मी घरी चहा पिताना पाहिला. मग पेपर उलटा करून ठेवला, आणि बायकोनं विचारलं तर म्हणालो की त्यात काही नाही.

साहेबांना वरून फोन आले. साहेबांनी कारण बताओ नोटीस काढली ती कमलाच्या नावानं. अधीक्षिकेनं मागणीच भरली नाही, हा कर्तव्यातला कसूर, सेवा समाप्त का करू नये. नोटीस मीच टाइप करवून घेतली. जावकचा नंबर चैतरामनं टाकला. नंबर टाकायच्या आधी त्यानं ती वाचली, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं. एरवी तो कागद वाचत नसे. त्या दिवशी तो डबा न उघडताच घरी गेला.

जानेवारीच्या दहा तारखेला कमलाला साहेबांच्या चेंबरमध्ये बोलावलं. मी फाइल घेऊन उभा होतो. पौर्णिमा पोर्टल उघडून बसली होती, साहेबांना दाखवायला. कमलानं साधी साडी नेसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत वही. साहेबांनी विचारलं की रकाना रिकामा का सोडला. ती म्हणाली, "गलती हो गई सर." दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तेच. तिला नोकरी जाणार हे माहीत होतं. दोन मुली तिच्याजवळच त्या वसतिगृहाच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या, नोकरी गेली की छप्परही जाणार होतं. तरी तिनं भाऊजींचं नाव घेतलं नाही. आणि मी फाइलची दोरी सोडून पुन्हा बांधली.

तेवढ्यात दार उघडून चैतराम आत आला. बोलावलं नव्हतं. साहेबांच्या चेंबरमध्ये बिनबोलावता तो बत्तीस वर्षांत पहिल्यांदा गेला असेल.

"साहेब, तिची वही पाहा," तो म्हणाला. घाबरला की तो मराठीच बोलायचा, साहेबांना समजो न समजो. मग हिंदीत सांगू लागला, अडखळत. "मैंने बोला था इनको. खाली छोड़ो, जिले से भर देंगे. सिखाने वाला मैं था साहब. मेरे को ही नहीं आता था."

कमला मान हलवत राहिली, नाही नाही म्हणत. साहेबांनी हात पुढे केला तेव्हा तिला वही द्यावी लागली. त्यात तारखेसह लिहिलेलं होतं, रिकामा सोडणे, जिल्ह्यातून भरतील, आणि पुढे चैतरामचं नाव. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळले. मागणी जिल्ह्यात आल्यावर तरी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं, ते म्हणाले. पोर्टलवर शून्य गेलं कसं? कुणी पाहिलं नाही का, बडे बाबू?

चैतराम माझ्याकडे बघत नव्हता. मीच त्याला ते वाक्य शिकवलं होतं, हे त्याच्या मनातही आलं नसावं, निदान चेहऱ्यावर दिसलं नाही. पौर्णिमा स्क्रीनकडे बघत होती. तिचा हात माउसवर होता आणि हलत नव्हता.

"नहीं सर," मी म्हणालो. "किसी के ध्यान में नहीं आया."

बस. एवढंच. पुढं सगळं सुरळीत झालं. कमलाची नोटीस मागं घेतली. चैतरामच्या दोन वेतनवाढी रोखल्या, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना. म्हणजे पेन्शनलाही कात्री लागली. त्याच्या शिक्षेचा मसुदा मी लिहिला, मला मसुदे चांगले जमतात. ब्लँकेटं फेब्रुवारीच्या शेवटी पोहोचली, वरातीमागून घोडं.

त्याच्या घरी गेलो तेव्हा भिंत मोकळी होती. सर्टिफिकेटं उतरवली म्हणाला, रंग द्यायचा आहे. गीतावहिनी चहा ठेवून आत गेल्या, बाहेर आल्या नाहीत. तो मात्र माझ्यावर खूश होता. त्याचं म्हणणं, मी मसुद्यात शब्द नरम ठेवले म्हणून निभावलं, नाहीतर साहेबांनी निलंबितच केलं असतं. जाताना त्यानं माझे हात हातात घेतले. मी चप्पल शोधायच्या निमित्तानं ते सोडवून घेतले.

मग त्यानं एक गोष्ट केली, जी आमच्या ऑफिसात कुणी केली नव्हती. तो रोज साडेचारला आवक-जावकची रजिस्टरं मिटायचा आणि स्टूल घेऊन पौर्णिमाच्या बाजूला बसायचा. साठीच्या आसपासचा माणूस, चष्मा नाकावर, हातात शाळेची वही. ती त्याच्या मुलीच्या वयाची. ती शिकवायची आणि तो लिहायचा. पन्नास मुली असतील तर साबण किती, तेल किती, गादी किती वर्षं टिकते, नव्या वसतिगृहाला आदेशाचा नंबर कुठं टाकायचा. चुकला की डोक्याला हात लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. रविवारी स्वतःच्या खर्चानं बसनं बिरशाकडे जायचा, कमलाबरोबर बसून तिथली मागणी मांडायचा, आणि सोमवारी पौर्णिमाला तपासायला द्यायचा. ऑक्टोबरापर्यंत त्याला खरंच येऊ लागलं. आजूबाजूचे अधीक्षक त्याला फोन करून विचारू लागले. भोपाळला जे तेवीस वेळा झालं नाही, ते माझ्या टेबलापासून चार हातांवर झालं, आणि त्यात माझा काडीइतका वाटा नव्हता.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी पौर्णिमा माझ्या टेबलाशी आली. चैतराम पाणी प्यायला गेला होता, त्याची वही स्टुलावर उघडी होती.

"सर, काका विचारतात," ती म्हणाली, "की आपण सगळं बरोबर भरलं आणि चुकून काही राहिलंच, तर शेवटी जिल्ह्यात कोणी पाहतं का नाही. मागच्या वेळी कोणीच कसं पाहिलं नाही, हे त्यांना समजत नाही. रोज विचारतात. मी काय सांगू?"

तिनं ते साध्या आवाजात विचारलं. धमकी नव्हती त्यात, टोमणाही नव्हता. तिचं कंत्राट दर मार्चला माझ्या शेऱ्यावर पुढं जात होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तरी ती विचारायला आली होती. मला वाटतं, तिनं मला एक संधी दिली. मी पन्नास-साठ पावलं चालून व्हरांड्यात गेलो असतो तर चैतराम तिथंच होता, ग्लास विसळत.

"सांग, कुणाच्या लक्षात आलं नाही," मी म्हणालो.

ती जागेवर गेली. चैतराम आला. तिनं त्याला सांगितलं, "नाही काका, कोणाच्याच लक्षात नाही आलं." माझ्याकडे न बघता सांगितलं.

"होते असं," चैतराम म्हणाला. "सगळ्यायच्या मागं किती काम असते." मग त्यानं वही ओढून घेतली आणि मोठ्यानं एकेक शब्द म्हणत लिहिलं, की भरून झाल्यावर एकदा बडे बाबूंना दाखवणे. लिहून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "चालन ना, बडे बाबू? तुमी पाहून देत जा."

मी हौ म्हणालो.